शके २०२२ चा चैत्र

खडकी, पुणे ३
५ जानेवारी २०२६ (१५ पौष, शके १९४७)

संपादक, रिलीज नोट्स,
'मेतकूट' प्रकल्प, सदाशिव पेठ, पुणे ३०

नमस्कार.

मी संरक्षण खात्याच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालो. आपल्या मेतकूट या संगणकाच्या भाषेतलं मला अवाक्षर कळत नाही. तरीही दर सहा आठवड्यांनी तिची नवी आवृत्ती निघाली की सोबतचं आपलं पत्रक मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतो. असे वाचक आपल्याला फार असतील असं वाटत नाही.

१ जानेवारीच्या ४.७ च्या पत्रकात तीन त्रुटी आढळल्या. 'दुरुस्त्या' या सदरात एकच दुरुस्ती दोनदा आली आहे. चौथ्या परिच्छेदातलं एक वाक्य क्रियापदाविना संपतं. या दोन्ही गोष्टी मी सोडून देऊ शकतो. तिसरी अशी, की शेवटी येणारी आभाराची यादी, म्हणजे त्या आवृत्तीसाठी काम केलेल्या सर्वांची नावं, या वेळी छापलेलीच नाही. लोक फुकट राबतात, आणि त्यांची नावंही गाळायची हे कोणत्या नियमात बसतं ते कळवावे.

फोन करू नये. माझे कान कामातून गेले आहेत. ईमेल माझ्या फोनवर येते, पण तिला उत्तर न देणं लोकांना फार सोपं जातं, म्हणून पत्र.

आपला,
यज्ञेश्वर वि. होनप

*

सदाशिव पेठ
१२ जानेवारी २०२६

श्री. होनप यांस,

आपलं पत्र पोचलं. खडकीहून सदाशिव पेठेत यायला त्याला पाच दिवस लागले. आपण स्वतः चालत निघाला असतात तर दुपारच्या चहाला पोचला असतात.

वाचकांबद्दलचा आपला अंदाज बरोबर आहे. सात वर्षांत रिलीज नोट्स वाचून कोणी पत्र लिहिलेलं नाही. लोक त्या वाचतात ते काहीतरी मोडल्यावर, आणि तेव्हाही शिव्या देण्यापुरतं.

यादी गाळलेली नाही. ती एक प्रोग्राम तयार करतो आणि तो बदलण्याचं काम चालू आहे. पुढच्या, ४.८ च्या नोट्समध्ये ती परत येईल. क्रियापद माझ्याकडूनच राहिलं. मी दिवसभर कंपनीत नोकरी करते आणि उरलेल्या वेळात हे. कुठल्या देशातला कोण काय बदलतो ते गोळा करायचं, जुनं काय चालणार नाही ते सांगायचं, कोणाचं नाव राहत नाही ना ते बघायचं. हे संपेतो पुढची आवृत्ती दारात उभी. सात वर्षांत मी सहा आठवड्यांपलीकडचं काहीही ठरवलेलं नाही. तीनदा सोडलं आहे हे काम. दर वेळी 'फक्त पुढच्या आवृत्तीपुरतं थांब' म्हणतात, आणि मी थांबते. पत्ता माझ्या घराचा आहे, कारण प्रकल्पाला दुसरा पत्ताच नाही.

यादीत आपल्याला कोणाचं नाव बघायचं होतं का?

नीरजा गद्रे

*

खडकी
१९ जानेवारी २०२६ (२९ पौष, शके १९४७)

श्रीमती गद्रे यांस,

आपण विचारलंत म्हणून सांगतो. आपण विचारलं नसतंत तर बरं झालं असतं.

होनप, शुभंकर. यादी आडनावांच्या क्रमानं असते, त्यामुळे तो शेवटी शेवटी येतो. माझा मुलगा. चार वर्षांपूर्वी घर सोडून गेला. 'शोधू नका' एवढं कागदावर लिहून ठेवलं होतं. फोनचा नंबर बदलला. मित्रांना माहीत नाही, किंवा माहीत असून ते सांगत नाहीत. पोलीस म्हणाले, तिशीचा माणूस स्वखुशीनं गेला तर आम्ही काय करणार. त्यांचं बरोबर आहे.

पत्नी, मंदाकिनी, हिला काचबिंदूमुळे दिसत नाही. दर सहा आठवड्यांनी मी तिला तुमची यादी वाचून दाखवतो. सगळी. अरबांची, जपान्यांची, कोण कुठले त्यांची नावं ती शांतपणे ऐकते, आणि 'होनप, शुभंकर' आलं की उठून आपल्या कामाला लागते. त्या नावाचा अर्थ ती एवढाच घेते, की पोरगा हातीपायी धड आहे, कुठेतरी जेवतो आहे आणि काम करतो आहे. आमच्याकडे त्याची दुसरी काहीही खबर नाही.

१ जानेवारीला यादी नव्हती. मी मागच्या वेळची वाचली. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्याशी केलेली ही पहिली लबाडी नसेल, पण सफाईनं केलेली पहिलीच.

मला त्याचा पत्ता नको. तो देण्याची तुम्हाला परवानगी नसणार, आणि त्याला नको असताना मलाही नको. फक्त यादी छापा.

य. वि. होनप

*

ईमेल: नीरजा गद्रे यांजकडून प्रकल्पातले सहकारी पियुष यांस
३० जानेवारी २०२६

पियुष,

आभाराच्या लिस्टमधून ऑटोमॅटिक स्क्रिप्टची नावं काढायचं तू ठरवलंस. तत्त्व म्हणून मान्य. मशीनचे आभार कशाला मानायचे. पण ४.८ मध्ये करू नकोस.

कारण सांगते, ग्रुपवर टाकू नकोस. शुभंकर होनप. तारखांच्या तक्त्याचं मॉड्यूल सांभाळणारा. आज मी त्याचं सगळं काम उघडून बघितलं. माणसाच्या हाताचं शेवटचं काम नोव्हेंबर २०२३ चं आहे. त्यानंतर जे आहे ती त्यानं लावून ठेवलेली स्क्रिप्ट. ती दर सोमवारी साडेदहाला आपल्याच सर्व्हरवर चालते, तक्ता ताजा करते, आणि नाव पडतं त्याचं. तो असो वा नसो, ती चालत राहणार. मी त्याला दोन मेल टाकल्या, 'घरचे विचारतायत, दोन ओळी कळव' अशा. उत्तर नाही.

आणि खडकीत दोन म्हातारी माणसं त्या नावावर जगतायत.

नीरजा

*

पियुष यांचं उत्तर, त्याच दिवशी

बाप रे. ओके, ४.८ आणि ४.९ मध्ये राहू दे. पण ५.० मेजर रिलीज आहे, तिथे सगळं क्लीन करावंच लागेल, आणि ज्या मॉड्यूलना कोणी वाली नाही त्यांची लिस्टही द्यावी लागेल. रूल तूच लिहिलायस. आणि तू परत सोडणार असं ऐकलं. प्लीज, फक्त ५.० पर्यंत थांब. तुझ्याशिवाय कोणाला जमत नाही यार.

*

सदाशिव पेठ
२ फेब्रुवारी २०२६

श्री. होनप यांस,

आपलं पत्र वाचलं. ४.८ मध्ये यादी असेल आणि तीत शुभंकर यांचं नाव असेल. मी स्वतः पाहिलं आहे. काळजी करू नये. मंदाकिनीबाईंना नमस्कार सांगावा.

नीरजा गद्रे

*

खडकी
१७ फेब्रुवारी २०२६ (२८ माघ, शके १९४७)

श्रीमती नीरजाबाई,

यादी मिळाली. नाव होतं. मंदाकिनी उठली आणि तिनं चाचपत चाचपत साबुदाणा भिजत घातला. उपास कुणाचाच नव्हता. आनंद झाला की तिला खिचडी सुचते.

तुम्ही माझ्यासाठी एवढं पाहिलंत, तेव्हा तो का गेला हेही तुम्हाला कळायला हवं. नाहीतर तुम्ही एका भल्या बापाला मदत करता आहात असा तुमचा समज राहील.

चौतीस वर्षं माझी सही नसलेला माल गेटच्या बाहेर गेला नाही. ती सवय मी घरीही आणली. तो चांगली नोकरी सोडून तुमच्या या मेतकुटात पडला. एके दिवशी दोन पानं छापून घेऊन आला. त्याचं नाव पहिल्यांदा यादीत आलं होतं. चारशे नावांत ते कुठे आहे ते त्यानं बोट ठेवून दाखवलं. मी खिशातली लाल पेन्सिल काढली, वरच्या मजकुरात एक चूक होती तिच्याभोवती गोल केला, आणि पानं परत दिली. म्हटलं, "आधी हे नीट करा, मग नावं छापा. आणि याचा पगार किती?"

त्यानं पानांची घडी घातली. आठवड्याभरात गेला. ती लाल पेन्सिल मी त्यानंतर वापरलेली नाही, पण त्याचा कुणाला काय उपयोग.

एक विनंती आहे. त्यानं या वेळी नेमकं काय काम केलं ते एका ओळीत कळवाल का? तिला सांगायला.

य. वि. होनप

*

सदाशिव पेठ
२ मार्च २०२६

होनपकाका,

काका म्हटलं तर चालेल ना? नाही चाललं तर लाल गोल करून परत पाठवा.

ओळ अशी: तारखांचा तक्ता अद्ययावत झाला. इंग्रजी तारखेवरून भारताच्या राष्ट्रीय पंचांगाची, म्हणजे शके-चैत्र-वैशाखाची, तारीख काढून देणारं मॉड्यूल, म्हणजे मेतकूटचा तेवढा भाग, शुभंकर यांचं आहे. आपण पत्रावर दोन तारखा घालता तसं. तक्ता आमच्या साइटवर सगळ्यांना बघता येतो.

माझं म्हणाल तर तनया नावाची एक मुलगी माझं काम शिकायला आली होती. मी आनंदानं वेडी व्हायची बाकी होते. आठव्या दिवशी म्हणाली, "ताई, हे थँकलेस आहे, मला कोडिंगमध्येच ठेवा." माझाच नियम आहे, की नवा माणूस शेजारी बसून दोन आवृत्त्या काढेल तेव्हाच जुन्यानं जायचं. दोन आवृत्त्या कोणी टिकत नाही. खोलीला कुलूप मीच घातलं आणि किल्ली आतून खिडकीबाहेर टाकली, असं झालंय. मला या कामाचा आताशा राग येतो काका. टेबलाशी बसायला नको वाटतं. मे महिन्यात ५.० निघाली की नियम मोडून जाणार आहे, असं रोज स्वतःला सांगते.

नीरजा

*

सदाशिव पेठ
६ एप्रिल २०२६

होनपकाका,

हे पत्र पाच वेळा फाडलं. आता लिहून लगेच पेटीत टाकते.

मी तुम्हाला फसवलं. शुभंकरच्या नावावर जे काम पडतं ते त्यानं केलेलं नसतं. त्यानं एक स्क्रिप्ट लावून ठेवली आहे, ती आपोआप चालते. त्याच्या हाताचं शेवटचं काम नोव्हेंबर २०२३ चं. त्यानंतर तो कुठे आहे, कसा आहे, आहे की... हे त्या नावावरून काहीही कळत नाही. मी हे जानेवारीपासून जाणते. त्याला मेल केल्या, उत्तर आलं नाही. तुम्ही आणि काकू ऐकत बसला आहात हे डोळ्यांसमोर यायचं आणि माझ्याच्यानं लिहवायचं नाही.

आता लपवताही येत नाही. १५ मेच्या ५.० मध्ये आपोआप पडणारी नावं आभारातून काढली जातील. त्याचं नाव दुसऱ्या एका यादीत येईल, 'ज्यांना सांभाळणारं कोणी नाही' अशा भागांच्या. ते तुम्ही मोठ्यानं वाचण्याआधी मी सांगायला हवं होतं. दोन महिने उशिरा सांगते आहे. रागावलात तर तुमचा अधिकार आहे.

नीरजा

*

खडकी
१३ एप्रिल २०२६ (२३ चैत्र, शके १९४८)

नीरजाबाई,

रागावलो नाही. मला ते दोन वर्षांपासून माहीत आहे.

तुमच्या साइटवर प्रत्येक कामापुढे वार आणि वेळ छापलेली असते. दर सोमवारी, साडेदहा वाजता. धुळवडीला साडेदहा, नरक चतुर्दशीला साडेदहा. शुभंकर जन्मात कधी वेळेवर उठलेला नाही. चौतीस वर्षं यंत्राचा माल आणि हाताचा माल वेगळा काढलेल्या माणसाला हे कळायला किती वेळ लागणार?

१७ फेब्रुवारीला तुमच्याकडे एक ओळ मागितली ती तुमची परीक्षा घ्यायला. तुम्ही सरळ 'त्यानं केलं' असं लिहू शकला असतात. लिहिलं नाहीत. तेव्हा ओळखलं, की बाईला ठाऊक आहे आणि ती माझ्यासाठी अडकून बसली आहे. त्याच वेळी तुम्हाला मोकळं करायला हवं होतं. केलं नाही, कारण मीही अडकलो आहे. मंदाकिनीला सांगायचं तर काय सांगू? नाव असलं तरी खोटं आणि नसलं तर त्याहून वाईट. दर सहा आठवड्यांनी ती यादी वाचताना मी अडखळतो, आणि तिला वाटतं नावं अवघड आहेत म्हणून.

आता मुद्द्याचं. त्याचं आमच्यापाशी दुसरं काही नसल्यानं मी तो तारखांचा तक्ता खडकी बाजारातून छापून आणला आणि गेली दोन वर्षं ओळीनं तपासला. काल एक चूक सापडली.

शके २०२२ चा चैत्र तक्त्यात एकतीस दिवसांचा दाखवला आहे. लीप वर्षी चैत्र एकतीस दिवसांचा आणि एरवी तीस. शके २०२२ म्हणजे इसवी सन २१००. चारानं भाग जातो म्हणून त्यानं ते लीप धरलं. पण शतकाच्या वर्षाला चारशेनं भाग जावा लागतो. २१०० ला जात नाही. चैत्र तीसच दिवसांचा हवा.

त्याला अजून चौऱ्याहत्तर वर्षं आहेत. तेव्हा आपल्यापैकी कोणी नसेल. तरी चूक आहे ती आहे. ही दुरुस्ती रीतसर दाखल करायची पद्धत काय ते कळवावे. निळ्या शाईनं लिहिलं आहे.

य. वि. होनप

*

सदाशिव पेठ
२० एप्रिल २०२६

काका,

चूक खरी आहे. मी पडताळून पाहिली, प्रकल्पातला माझा सहकारी पियुष, त्यानंही पाहिली. पियुष म्हणाला, "हे काका कोण आहेत, यांना टीममध्ये घे ना." सत्तरीचे असतील म्हटल्यावर म्हणाला, "मग काय झालं?"

आज तुमच्या नावानं दुरुस्ती दाखल केली. तुमचा मजकूर जसाच्या तसा, मराठीतच. आता पद्धत नीट वाचा. कोणत्याही भागातली दुरुस्ती त्या भागाच्या मालकाकडे आपोआप जाते. त्यानं ती तपासून मंजूर करायची. त्याला एकवीस दिवसांची मुदत असते. म्हणजे शुभंकरच्या ईमेलच्या पत्त्यावर आज सकाळी एक निरोप गेला आहे: 'तुमच्या तक्त्यात यज्ञेश्वर होनप यांनी दुरुस्ती सुचवली आहे.'

११ मेपर्यंत उत्तर आलं नाही तर पियुष मंजूर करेल आणि ५.० च्या आभारात तुमचं नाव येईल, एकट्याचं. तो भाग मग बिनमालकाच्या यादीत जाईल. उत्तर आलं तर तपासणाऱ्याचंही नाव येतं, आणि आडनावाच्या क्रमानं ती दोन नावं खालीवर लागतील.

मी आशा दाखवत नाही. माझ्या मेलला त्यानं उत्तर दिलेलं नाही. त्या पत्त्यावर कोणी आहे की नाही हेही मला सांगता येणार नाही.

नीरजा

*

खडकी
४ मे २०२६ (१४ वैशाख, शके १९४८)

नीरजाबाई,

चौदा दिवस झाले. मी मोजत नाही असं सांगण्यात अर्थ नाही.

मंदाकिनीला सगळं सांगितलं. यंत्राचं, दोन वर्षांचं, जानेवारीत जुनी यादी वाचल्याचं. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. स्वयंपाक केला, ताट वाढलं, पण शब्द नाही. कान गेलेल्या माणसाला शांततेचा त्रास होऊ नये, पण झाला. तिसऱ्या दिवशी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ती एकवीस दिवसांची पद्धत पुन्हा सांगा." सांगितली. म्हणाली, "तुमची दुरुस्ती बरोबर आहे ना? नाहीतर परत त्याला राग यायचा."

मी पुन्हा तपासली. बरोबर आहे.

मी दुरुस्ती पाठवली आणि चूक केली असं आता वाटतं. चार वर्षांनी बापाचा पहिला निरोप, आणि त्यातही त्याची चूकच काढलेली. दुसरं काही मला येत नाही, हे त्याला कळेल तर बरं.

य. वि. होनप

*

सदाशिव पेठ
१२ मे २०२६

काका, काकू,

परवा रविवारी, विसाव्या दिवशी, उत्तर आलं.

सोबत छापून पाठवते आहे. एक अक्षर इकडचं तिकडे केलेलं नाही. तुमच्या फोनवर लगेच पाठवता आलं असतं, पण तुम्हाला कागद हवा असेल असं वाटलं.

'सुचवलेला बदल बरोबर आहे. पण अपुरा आहे. छापलेल्या तक्त्याच्या पुढे पाहिलेलं नाही. शके २१२२ आणि २२२२ या वर्षीही तीच चूक आहे. शिवाय बदलासोबत चाचणी जोडलेली नाही. चाचणीशिवाय घेता येणार नाही. दोन्ही पूर्ण करून पुन्हा दाखल करावे. – शु. होनप'

वेळ दुपारची दोन वाजून सदतीस मिनिटं. यंत्राची नाही.

दुरुस्ती परत आल्यामुळे ती आता ५.० मध्ये जात नाही. म्हणजे शुक्रवारी निघणाऱ्या आभाराच्या यादीत तुमचं नाव नाही, त्याचंही नाही. पण मालकानं उत्तर दिलं, तेव्हा तो भाग बिनमालकाच्या यादीतही नाही. नियमाप्रमाणे ही यादी मी काल पूर्ण केली आणि टेबलाशी बसून रडले. सात वर्षांत त्या टेबलाशी मी चिडले आहे, कंटाळले आहे, रडले पहिल्यांदाच.

५.० नंतर जाणार होते. आता वाटतं ५.१ पर्यंत थांबावं, ती दोन नावं माझ्या हातानं छापावीत. पुन्हा 'फक्त पुढच्या आवृत्तीपुरतं'. या वेळी माझं मीच म्हणते आहे.

नीरजा

*

खडकी
१८ मे २०२६ (२८ वैशाख, शके १९४८)

चि. नीरजा हिस, आशीर्वाद.

तू थांबू नकोस. यादी कोणीही छापली तरी 'होनप, यज्ञेश्वर' खाली 'होनप, शुभंकर' असाच क्रम लागणार. तुला त्या टेबलाशी बांधून ठेवणाऱ्यांत मीही होतो, आणि मला ते कळत होतं. दोन आवृत्त्यांचा तो नियम तू लिहिलास, तूच दुरुस्त कर. पियुषला सांग, एका तपासनिसानं तो नापास केला आहे. आणि सहा आठवड्यांपलीकडचं काहीतरी ठरव. मग एखाद्या रविवारी खडकीला ये. चालत आलीस तर चहाला पोचशील.

आता इकडचं. तुझा कागद आला तेव्हा मंदाकिनी गॅलरीत बसली होती. तिच्याशेजारी बसून वाचला. तिनं पुन्हा वाचायला लावला. मग माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "हे तुम्हीच लिहिलंत."

मी म्हटलं, छापील आहे, नीरजानं पाठवलं आहे. तर म्हणाली, "तुमचीच भाषा आहे. अपुरा आहे, घेता येणार नाही, पुन्हा दाखल करावे. जानेवारीत जुनी यादी वाचलीत तशीच ही थाप आहे." तिला कागद दाखवून उपयोग नाही. चार वर्षांनी मुलाचा शब्द हातात आलेला, आणि मी तो तिला पोचवू शकत नव्हतो, माझ्याच करणीनं. असा अडकलो मी याआधी कधी नव्हतो.

तिनंच मग विचारलं, "त्या दोन वर्षांचं काय म्हणालात? पुढची?"

शके २१२२ आणि २२२२, म्हटलं. ती माझ्याकडून राहिली होती.

"म्हणजे चूक तुमची?"

हो, म्हटलं. माझी.

"मग तुम्ही नाही लिहिलेलं," ती म्हणाली. "स्वतःची चूक तुम्ही जन्मात काढली नाहीत. हे त्याचंच आहे."

आणि उठून साबुदाणा भिजत घालायला गेली.

ती दोन वर्षं मी जोडली आहेत. पुढचा शके २३२२ म्हणजे इसवी २४००, तो लीप आहे, त्याला हात लावलेला नाही. चाचणी म्हणजे काय आणि ती कशी लिहितात ते मात्र कळवावे. घाईनं पाठवणार नाही. त्यानं पुन्हा परत केली तरी चालेल.

तुझा,
काका